भिंतींचं धुणं

जेल रोड, नाशिक रोड
रविवार, ३ ऑक्टोबर १९९९

प्रिय अहो,

आज रविवार, आणि मी इगतपुरीला आले नाही. तुम्ही सकाळपासून स्टेशनकडे तोंड करून ओट्यावर बसला असाल. गाडी येऊन गेली तरी मी दिसले नाही म्हणून अक्कावन्संना दोनदा विचारलं असेल. मार्चपासून एकही रविवार चुकवला नव्हता, तो आज चुकवला. घाबरू नका. माझी तब्येत ठणठणीत आहे, स्नेहाही बरी आहे, तिची सहामाही जवळ आली म्हणून डोकं पुस्तकात घालून बसलीय. काम निघालं म्हणून आले नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला तुमच्याशी जे बोलायचंय ते समोर बसून माझ्या तोंडातून निघत नाही, हे इतक्या रविवारांत मला पुरतं कळून चुकलंय. म्हणून लिहिते. एवढंच करा, हे पत्र नेहमीसारखं अक्कांना मोठ्याने वाचून दाखवू नका. आधी एकट्याने वाचा, मग तुम्हाला वाटलं तर दाखवा.

तुमचं कार्ड गुरुवारी मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन हुकमाच्या. डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली, घटस्थापनेला मी नाशिकला येतोय, देवरे साहेबांना सांग की बंगल्याची मागची भिंत मीच पुरी करणार, आणि गोटीरामला सांग की बांबूंची परांची बांधून ठेव. काठी सुटली हे वाचून मी खरंच खालच्या दुकानातून पेढे आणले आणि चाळीत वाटले. उरलेल्या तीन ओळी मात्र कोणाला दाखवल्या नाहीत. ज्या भिंतीवरून पडलात त्याच भिंतीवर तुम्हाला पुन्हा चढायचंय, आणि का चढायचंय तेही मला ठाऊक आहे. नाथा पेंटरला वर चक्कर आली, नाथा पेंटर आता संपला, असं लोक बोलतात. कोणी कोणी तर बाटलीचंही नाव घेतात, ज्या माणसाने तंबाखूसुद्धा कधी खाल्ली नाही त्याच्याबद्दल. ते तुमच्या कानावर आलंय. त्याहून वाईट म्हणजे तुम्हाला स्वतःलाच तसं वाटायला लागलंय. डॉक्टरांना तुम्ही पायाबद्दल कमी आणि चक्करबद्दलच जास्त विचारता. पडायच्या आधीचं तुम्हाला काही आठवत नाही, डबा उघडून रंग ढवळला इथवर आठवतं आणि पुढे एकदम हॉस्पिटलचा पंखा. मधली जागा तुम्ही भीतीने भरून टाकलीय, आणि आता ती वर जाऊन पुसायला निघालात. तर सरळच सांगते, मला तुम्ही वर चढायला नको आहात. त्या भिंतीवरही नको आणि दुसऱ्या कुठल्याही नको. त्यासाठी मला जे जे सांगावं लागेल ते सगळं या पत्रात सांगणार आहे.

माझ्या कामाबद्दल तुम्हाला अर्धंच माहीत आहे. रविवारी आले की मी 'मिळतं थोडंफार' म्हणते, तुम्ही 'काय, भिंतींचं धुणं का?' म्हणून हसता, अक्का हसतात, मीही हसते. आजारी माणसाला हसायला काहीतरी हवं, म्हणून मी ते चालवून घेतलं. आता तुम्ही आजारी नाही, तेव्हा ऐका.

सुरुवात नानांमुळे झाली. हनुमान जयंतीच्या दोन दिवस आधी मी माहेरी, मखमलाबादला गेले होते. नानांनी द्राक्षाची बाग काढून शेवंती लावली, तेव्हापासून फवारणीचा पंप गोठ्यात पडून होता, ते रॉकेलवरचं इंजिन आणि शंभर फूट नळी, तुम्ही पाहिलेलं आहे. मी पोचले तर नाना मारुतीच्या देवळापुढे धोतर खोचून उभे, हातात फवारणीची लांब गन, आणि पाणी थेट कळसाला भिडलेलं. कबुतरांनी वर्षभर घाण केलेलं शिखर पाऊण तासात धुऊन निघालं. दरवर्षी तिथे झिपरू शिडी लावून चढायचा आणि खाली सगळं गाव मान वर करून जीव मुठीत धरून उभं राहायचं. मी म्हटलं, नाना, यंदा झिपरू कुठे गेला? तर म्हणाले, "त्याला कशाला वर घालायचा? पानी चढतंय ना वर, मंग मानसानं कशाला चढायचं?" एवढं बोलून गन फिरवत ते पुढे गेले, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र देवळाच्या पायरीवर बसून रडले. आई म्हणाली, सणाच्या तोंडावर काय रडतेस. तिला वाटलं, तुमच्या पायाचं दुःख आहे. तेही होतंच. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि नानांना म्हटलं, हा पंप मला द्या.

पहिलं काम लताबाईंचं, स्नेहाला चौथीला शिकवायच्या त्या. घर एकमजली, वर गच्ची, बाहेरून पांढरं. मुलाच्या लग्नाआधी रंग द्यायचा होता आणि त्याआधी शेवाळ आणि पोपडे काढून हवे होते. मी काय काय काळजी घेतली होती म्हणून सांगू. औषधाच्या टाकीला हातसुद्धा लावला नाही, पाण्यासाठी कोरा पिंप आणला. पंप साबणाने धुतला, गन धुतली. इंजिन सुरू केलं, गन उघडली, आणि मिनिटभरात लताबाईंच्या पांढऱ्या भिंतीवर निळे-हिरवे ओघळ. नळी धुवायची राहिली होती. द्राक्षावर मारायचं मोरचूद आणि चुन्याचं पाणी वर्षानुवर्षं त्या नळीतून गेलेलं, त्याचा थर आतून सुकून बसला होता, तो पाण्याच्या जोराने सुटला. दुसऱ्या कोणी ती नळी हातात घेतली असती तर तोंडाशी बघूनच ओळखलं असतं. पण आमच्या मखमलाबादच्या घरात दाराच्या कड्या निळ्या, विहिरीचा काठ निळा, नानांची बोटं निळी. जन्मापासून जे बघितलं ते माझ्या डोळ्याला दिसलंच नाही. आणि मी घाबरून थांबायचं सोडून, जास्त पाणी मारलं की जाईल म्हणून मारत सुटले. अख्खी भिंत मोरासारखी झाली.

लताबाई बाहेर आल्या. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर हे सगळं तिथेच संपलं असतं. पण बाई जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या. त्यांनी चष्मा लावला आणि भिंत तपासायला सुरुवात केली. म्हणाल्या, "सुवर्णा, इकडे ये. निळं कुठे आहे ते सोड, कुठे नाही ते बघ." छज्ज्याच्या खाली निळं नव्हतं. खिडक्यांच्या वरच्या कडांना नव्हतं, पावसाच्या पाइपामागे नव्हतं, गच्चीच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला नव्हतं. म्हणजे पाणी तिथे पोचलंच नव्हतं, आणि शेवाळ नेमकं तिथेच होतं. साध्या पाण्याने मला ते कधी कळलं नसतं, ओली भिंत सगळीकडे सारखीच दिसते. नानांना फोन लावून विचारलं, तर म्हणाले लिंबूसत्त्व पाण्यात कालव आणि ब्रशने घास. दोन दिवस घासत होते. तिसऱ्या दिवशी नवी नळी आणली, आणि राहिलेल्या जागा कशा गाठायच्या याचा विचार करत बसले.

तो विचार आता पुरा झालाय, आणि यात मला कोणी शिकवू शकेल असं मला वाटत नाही. तुम्ही हसाल, पण लिहू द्या. गन लांब वेळूला बांधली, दोन वेळू एकात एक बसवून अठरा फूट होतात, त्यात माझा हात आणि पाण्याची झेप धरली की दोन मजली घराचा माथा गाठता येतो. वरच्या टोकाला तीन वेगवेगळ्या तोट्या करून घेतल्या. एक सरळ, भिंतीसाठी. एक आकड्यासारखी वळवलेली, पत्र्याच्या पन्हळीत साठलेला पाला खालूनच बाहेर काढायला. एक वर तोंड केलेली, छज्ज्याच्या पोटासाठी. पन्हळ साफ झाली की नाही ते बघायला तुमचा दाढीचा आरसा दुसऱ्या वेळूला बांधलाय, तेव्हा घरी आल्यावर तो शोधू नका. साबणाचं पाणी खालून वर लावत जायचं, नाहीतर कोरड्या भिंतीवर ओघळ उतरतात आणि त्यांचे पट्टे राहतात. धुताना मात्र वरून खाली. खिडकीच्या काचेवर सरळ धार मारायची नाही. भिंतीच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, जरा लांब आणि बाजूला, कारण सुटलेला पोपडा आणि मधमाश्या दोन्ही सरळ खाली येतात. तळेगावच्या रस्त्याला एका घरी मधमाश्या आल्या होत्या, तेव्हा मी किती जोरात पळू शकते ते गोटीरामला कळलं.

आणि पाण्याला धक्का असतो. गन उघडली की ती मागे रेटते. पहिल्या दिवशी तिने मला लताबाईंच्या गुलाबांत आडवं केलं होतं, हे तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. आता डावा पाय पुढे, उजवा मागे रोवून उभी राहते, आणि मागे गोटीराम वेळूला हात लावून असतो. म्हणून माझा पहिला नियम असा की शिडीवर उभं राहून गन धरायची नाही. एक पायरीसुद्धा नाही. एका गिऱ्हाइकाने स्टूल आणून दिलं, म्हणाले, बाई, एवढ्याने हात पोचेल. मी स्टूल त्यांच्या व्हरांड्यात परत ठेवलं आणि तिसरा वेळू जोडला. दुसरा नियम तारेचा. इंदिरानगरला एका घराची विजेची तार भिंतीच्या अगदी जवळून गेलेली. मालक म्हणाले, आजवर काही झालं नाही. मी म्हटलं, साहेब, आजवर तुम्ही तिच्यावर पिंपभर पाणी मारलं नव्हतं. वायरमन येऊन तार सोडेपर्यंत मी इंजिनला हात लावला नाही. ते तासभर कुरकुरले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनीच आपल्या भावाचं घर मला दिलं.

माझा अवतार तुम्ही बघायला हवा. पदर खोचलेला, साडीवरून तुमचा तो रंगाच्या ठिपक्यांचा शर्ट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डोळ्यांना वेल्डिंगवाल्याचा चष्मा. सुरुवातीला पोरीबाळी गच्चीवर येऊन हसायच्या. नोटांच्या प्रेसमधले लोक सायकली थांबवून बघायचे. एकाने विचारलं, ताई, घरात गडीमाणूस नाही का? मी म्हटलं, आहे, पण तो रंग मारतो, हे त्याच्या हातचं काम नाही. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. आता कोणी हसत नाही. दसऱ्यापर्यंत सात घरं ठरलीत आणि दिवाळीपर्यंतची मी घेणं बंद केलंय. मागच्या महिन्यात एक रंगाचा ठेकेदार घरी आला होता, पावसाळ्यानंतर रंग द्यायच्या आधी सगळ्या भिंती माझ्याकडूनच धुऊन घ्यायच्या म्हणतो. मी त्याला सांगितलं, ते घरी आले की बोलू. पंधरा वर्षं घराचं सगळं तुम्ही ठरवलंत, हेही तुम्हीच ठरवा असं म्हणणार नाही, पण दोघांनी बसून ठरवू.

आता गोटीरामचं. तुमच्या हाताखालचा हा माणूस एप्रिलपासून माझ्याकडे इंजिन सांभाळतो हे तुम्हाला माहीत आहे, पण तो इगतपुरीला का येत नाही ते तुम्ही प्रत्येक वेळी विचारता आणि मी विषय बदलते. गुरुवारी त्याला तुमचा निरोप सांगितला. तो होता तिथेच खाली बसला. म्हणाला, "वैनी, म्या नाय बांधनार परांची. माझीच गाठ सुटली आसंल, नायतर भाऊ पडनारा मानूस नाय. म्या कोनत्या तोंडानं त्येच्यासमोर जाऊ?" आठ महिने तो हेच मनात धरून बसलाय. वेळूला गन बांधतो ती गाठसुद्धा तीन-तीनदा ओढून बघतो, जिच्यावर कोणाचा जीव टांगलेला नाही अशी गाठ. मी म्हटलं, गोटीराम, गाठ पक्की होती. तर म्हणाला, "तुमाला काय म्हाईत? तुमी थोड्याच व्हत्या तिथं." मी चहा टाकायला आत गेले.

आणि देवरे साहेबांचा बंगला. तुम्ही मनात आणलंत की तिथे जाणारच, म्हणून तुमच्या आधी मीच गेले. परवा शुक्रवारी. आठ महिन्यांत त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या अंगणात इंजिन लावलं. तुमच्या अपघातानंतर साहेबांनी ती भिंत तशीच ठेवली होती, दुसऱ्या कोणाला दिली नाही, तुम्ही बरे होऊन याल म्हणाले. पावसाळ्यात सगळी काळी-हिरवी पडली होती. मी साबण लावला, दम धरला आणि वरून खाली धुवायला घेतली. आणि तुमचा रंग वर आला. फिकट बदामी, एक पोपडा नाही, एक फुगा नाही. इतक्या पावसाने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. साहेब बाहेर येऊन बघत उभे राहिले, म्हणाले, इथे पुन्हा रंग द्यायची गरजच नाही. फक्त वर, छज्ज्याखाली, उजव्या कोपऱ्यात दोन हात पसरल्याएवढा एक पट्टा राहिलाय. तुमचा ब्रश जिथे थांबला ती रेघ तिथे स्वच्छ दिसते. डावीकडून सरळ येते आणि शेवटी एकदम खाली ओढली जाते. ती बघून मला गन बंद करावी लागली.

तो पट्टा रंगवायचाच आहे, आणि तुम्हीच रंगवायचा आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो जमिनीवरून होतो. मी शुक्रवारी कोरडा रोलर वेळूला बांधून मोजून पाहिलंय. मी आणि गोटीराम मिळून वेळू पेलतो, तुम्ही बुडखा धरून फिरवायचा. कड सरळ येणार नाही असं तुम्ही म्हणाल. पहिल्यांदा नाही येणार, मलाही पहिल्यांदा काही येत नव्हतं. तो बदामी नेमका कसा कालवायचा ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि कुठली भिंत आतून ओली आहे ते नुसत्या हाताने ओळखणारा माणूस मला या कामात पावलोपावली लागतो. मी धुऊ शकते, पण भिंत मला अजून तुमच्याइतकी कळत नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. गंगापूर रोडच्या एका घराचा गिलावा ओला आहे हे मला कळलं नाही आणि धारेबरोबर परातीएवढा तुकडा निघून आला. तुम्ही असता तर हात लावून थांबवलं असतं.

एवढं सगळं लिहून झालं, आणि अजून मी मुख्य गोष्टीपाशी आलेले नाही. हॉस्पिटलात तुम्ही तिसऱ्या दिवशी डोळे उघडलेत आणि पहिलं विचारलंत, मला काय झालं होतं? मी म्हटलं, मला माहीत नाही, मी नंतर पोचले. ते खोटं होतं. मी तिथेच होते. गोटीराम नाक्यावर चहा सांगायला गेला होता, साहेब घरी नव्हते, आणि मी डबा घेऊन मागच्या अंगणात उभी होते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुम्ही मला शिकवलं होतं की वरच्या माणसाला खालून हाक मारायची नसते. बांबूवर दगडाने दोन ठोके द्यायचे, ते त्याच्या पायाला कळतात, मग तो आधी धरतो आणि नंतर खाली बघतो. पंधरा वर्षं मी तसंच केलं. त्या दिवशी नाही केलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही माझी थट्टा करत होतात, की एवढी वर्षं झाली, उखाण्याबाहेर एकदा तरी माझं नाव घेऊन दाखव. तुम्ही पाठमोरे होतात, शीळ घालत होतात, आसपास कोणी नव्हतं, आणि मला लहर आली. मी खालून हाक मारली, नाथा. तुम्ही हसत वळलात, दोन्ही हात सोडून वळलात. तुम्हाला चक्कर आली नव्हती. तुमचे पाय कापले नव्हते, गोटीरामची गाठ सुटली नव्हती. बायकोने नाव घेतलं म्हणून तुम्ही वळून बघितलंत, एवढंच झालं. गोटीराम धावत परत आला तेव्हा त्याला वाटलं की मीही आत्ताच पोचले, आणि मी ते तसंच राहू दिलं. मी हे लपवलं, कारण तुम्ही पुन्हा माझ्याकडे तसं हसून बघणार नाही याची मला भीती वाटली, आणि त्या भीतीपायी तुम्हाला आठ महिने स्वतःवर संशय घेऊ दिला. माझ्या हातून झालेल्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी. तिची माफी मी मागते, पण ती लगेच मिळावी असा हट्ट नाही. हे पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल, आणि मंगळवारी संध्याकाळी मी गोटीरामलाही सगळं सांगणार आहे. तुम्हाला वर जाऊन कोणाला काही दाखवून द्यायचं उरलेलं नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिलं. घटस्थापनेला या, मी स्टेशनवर असेन. आठ महिन्यांचं सगळं माझ्यावर रागवा, चारचौघांत रागवा, पण जमिनीवर उभे राहून रागवा.

तुमचीच,
सुवर्णा